बावीस स्कार्फ

सोलापूर,
रविवार, ता. ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय रिबू,

सलाम. संस्कृतीला पापा. सयाजीदाजींनापण सलाम सांग. घ्यायचा का न्हाय ते त्यांचं त्यांनी बघावं.

हितं सगळं बरं हाय. तू फोन उचलत न्हायस म्हणून लिहायला बसले. चौथी पास बाईचं पत्र हाय, वेलांट्या बघत बसू नको. शेजारच्या सिद्धेश्वरीच्या हातानं धाडते. तिचं माहेर तुमच्या वैरागचंच, भाऊबीज लांबली म्हणून आता चाललीय. पोष्टात टाकलं असतं तर दाजींनी आधी फोडलं असतं.

दिवाळी झाली तरी कारखान्यात काम हाय. गल्फातल्या कुठल्या शाळेचे दीड हजार स्कर्ट चाललेत. दिवसभर प्लीट घालून घालून बोटं वाकडी झालीत. उजवा गुडघा गेलाय, डाव्या पायानं मशीन मारते. मालक म्हणतो मोटार बसवून देतो, तीन वर्षं झाली बसवतोयच. घराचा पत्रा गळत होता तो बदलून घेतला.

सिद्धेश्वरीच्या पिशवीत अंकिताचं सामान हाय. दोन ड्रेस, स्वेटर, कंपासपेटी, आठवीच्या वह्या, केसाच्या पिनांची डबी. पिना मोजू नको, काही मी वापरल्या. शाळेनं दाखला दिलाय तो प्लास्टिकच्या पिशवीत घातलाय. स्काऊटच्या गणवेशाचा दुसरा जोड मात्र धाडला न्हाय. तो माझ्याकडं असू दे. मागू नको.

आज रविवार, उपासनेची घंटा झाली, मी गेले न्हाय. मागच्या रविवारीपण गेले न्हाय. तुला वाटंल की दुःखानं आक्का देवळात जात न्हाय. तसं काय न्हाय. जूनमधी मंडळीचं स्काऊटचं पथक परत सुरू झालं तवा मी परत पोरांची बटनं तपासायला उभी राहिले होते. स्कार्फ वाकडा का, मोजे खाली का गेले, तेच सगळं. तू म्हणशील काय कातडी हाय बाईची. व्हय, हाय. चार महिने उभी राहिले. कुणी काय बोललं न्हाय, मीपण बोलले न्हाय.

मग दसऱ्यात सिद्धेश्वरी माहेराला जाऊन आली. पाणी भरता भरता म्हणाली, "एस्तेरबाई, तुमच्या बहिणीला भेटले की. लई वाळलीय. म्हणली रोज सकाळी गुडघ्यावर बसून पोरीसाठी माफी मागती." मी म्हटलं, कसली माफी? तर म्हणाली, "पोरीनं मोठ्यांचं ऐकलं न्हाय, सांगितलेलं मोडून पाण्यावर गेली, त्या पापाची. तुमचे दाजी तर अख्ख्या गल्लीत सांगतात, थोरली न ऐकून गेली, धाकटीला तरी दावणीला बांधतो. शब्बाथ शाळा बंद, सहल बंद, मैत्रिणीकडं जाणं बंद."

माझ्या हातातली कळशी तितंच राहिली.

रिबू, मला वाटलं होतं तू माझा राग राग करत असशील. माझ्याकडं राहायला पोरगी दिली आन् मी सांभाळली न्हाय म्हणून. तेवढं मी धरून चालले होते. तेवढ्यावर मला झोप लागत होती पण. तू अंकीसाठी माफी मागतीस हे मला म्हाईत नव्हतं. आता म्हाईत झालंय तर गप्प बसता येत न्हाय. महिना झाला प्रयत्न करतेय.

तर ऐक. आडवं तिडवं लिहीन, पण सगळं लिहीन.

तुला पथकाचं कौतुक होतं. भिंतीवर तिचा गणवेशातला फोटो लावलायस. पण आधी काय होतं ते तुला म्हाईत न्हाय. पोरं वाट्टंल ते घालून यायची. एक टी-शर्टात, एक लग्नातल्या शेरवानीत, एक तर चड्डी-बनियनवर स्कार्फ बांधून आला होता, हसत होता. पाळकसाहेब म्हणाले, "एस्तेरबाई, तुमी गणवेशाच्या कारखान्यात, तुमीच बघा आता." मग मी बघितलं. कारखान्यातला उरलेला कपडा मागून आणला, बावीस पोरांचे बावीस जोड शिवले. खाकी शर्ट, निळी पँट, पोरींना निळा स्कर्ट, गळ्यात पिवळा स्कार्फ, पांढरे मोजे, काळे बूट. आन् नेम घातला. दर रविवारी, पुरा गणवेश. एक वस्तू कमी असली तर स्कार्फ काढून घ्यायचा आन् रांगेच्या बाहेर. स्कार्फ न्हाय तो मोजणीत न्हाय.

पोरं मला मिलिटरी मावशी म्हणायची. अंकी त्यांच्यात पुढं. एकदा मागं उभी राहून मैत्रिणींना सांगत होती, "आमची मावशी स्वर्गात गेली ना, देव तिला दारातच बसवंल, येणाऱ्यांचे मोजे बघायला." मी ऐकलं, तिला धपाटा घातला आन् घरी येऊन एकटीच हसले.

मोजणी स्कार्फची का, हजेरीपुस्तक का न्हाय, हे कुणीच इचारलं न्हाय. मंडळीच्या ऑफिसातनं पोरांच्या नावांचा कागद यायचा, तो इंग्रजीत. मला इंग्रजीतलं एस, एम, एल आन् एक्सएल येतं, कॉलरच्या चिठ्ठीवर असतं तेवढं. पहिल्या रविवारी तो कागद हातात घेऊन मी उभी राहिले आन् पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी कागद घडी घालून पर्समधी टाकला आन् म्हटलं, "नावं कसली वाचायची, मला सगळ्यांची तोंडं पाठ हायत, स्कार्फ वर करा." बस. तवापासून तोच नेम झाला. पाळकसाहेबांना वाटलं बाईची शिस्त हाय. तुलापण वाटलं. अंकीला म्हाईत होतं. तिनं कधी कुणाला सांगितलं न्हाय. घरी मला ए बी सी डी शिकवायला बसायची, मी हाकलून लावायची.

आता सव्वीस जानेवारीचं.

झेंडावंदन, मग शेतावर उपासना, असं ठरलं होतं. रावजी वडिलांचं शेत मैंदर्गीच्या पुढं हाय. आपल्या मंडळीचे ते जुने वडील, देवळाचा कारभार बघतात, पंचकमिटीत हायत. तितं त्यांनी शेततळं केलंय, खाली सगळा काळा प्लास्टिकचा कागद. कुंपण नव्हतं. हे रावजी वडिलांचं त्यांनी सांगावं, मी माझं सांगते.

दुपारी जेवणं झाली. तळ्याच्या काठाला पाण्याचा पाईप सोडलेला, पोरांनी तितं हातपाय धुतले. तू दिवाळीत घेऊन दिलेले बूट अंकीला चावत होते. टाचेला फोड आलेला, मला दाखवला होता. मी म्हटलं, "घाल, घातल्याशिवाय सैल होत न्हायत." तिनं पाय धुतले, बूट-मोजे तितंच काठावर ठेवले आन् कुणाच्या तरी चपला घालून फिरली.

साडेतीनला मी शिट्टी मारली. फोटो काढायचा होता, मोठ्या ऑफिसाला धाडायला. अकरा-अकराच्या दोन रांगा. अंकी आली ती चपला घालून.

रिबू, दुसरं कुणी असतं तर मी मागच्या रांगेत उभं केलं असतं, पाय दिसले नसते. पण माझ्या बहिणीची पोर. तिला सोडलं असतं तर बाकीच्यांना काय तोंडानं बोलू? सगळ्यांसमोर मी तिच्या गळ्यातला स्कार्फ ओढून काढला. म्हटलं, "आधी बूट घालून ये, मग रांगेत. तवर माझ्यासमोर येऊ नको."

ती म्हणाली, "मावशी, बूट तळ्यापाशी हायत."

मी म्हटलं, "मग जा की तितं. मी आणून देऊ का?"

पोरं हसली. ती गेली.

पंचकमिटीच्या कागदात लिहिलंय, मुलगी सूचना मोडून विनापरवानगी पाण्याकडे गेली. तुझ्याकडंपण त्याची झेरॉक्स असंल. तो कागद मला वाचून दाखवला तवा मी खाली सही केली. ती परवानगीनं गेली होती. परवानगी न्हाय, हुकूम होता.

अजून हाय. बस जरा.

फोटोवाला घाई करत होता. रांगेत एक जागा मोकळी दिसत होती, दात पडल्यासारखी. पाळकसाहेबांची भाची पुण्यासनं पाहुणी आली होती, नेमकी खाकी रंगाचा शर्ट घालून. पाळकीणबाई म्हणाल्या, "हिला उभी करा की." माझ्या हातात अंकीचा स्कार्फ होताच. तो मी त्या पोरीच्या गळ्यात बांधला. माझ्या हातानं बांधला, रिबू, कॉलर नीट करून. फोटो झाला. बावीस पोरं, बावीस स्कार्फ, लई देखणा आला म्हणे.

मग गाडीवाल्यानं हॉर्न सुरू केला. दोन गाड्या होत्या, पुढच्या गाडीत पोरी, मागच्या टेंपोत पोरं आन् सामान. मी दोन्ही गाड्यांपाशी उभी राहून म्हटलं, "स्कार्फ वर." पुढं बारा, मागं दहा. बावीस. पाहुणीनं गळ्यातला स्कार्फ काढला नव्हता, तिनंपण वर केला. मी तोंडाकडं बघितलंच न्हाय. बावीस म्हंजे बावीस. नावं वाचली असती तर अंकिता म्हटल्यावर कुणी ओ दिली नसती.

राजेश्वरी तुला आठवती? अंकीची जोडीदारीण, दोन वेण्यांची, दफनाच्या दिवशी तुझ्या मांडीत डोकं घालून रडली ती. गाडी सुटताना ती म्हणाली, "मावशी, अंकी कुटं हाय?" मी म्हटलं, "रुसून मागच्या टेंपोत बसली असंल. बसू दे. डोकं थंड होईल." राजेश्वरी म्हणाली, "मी बघून येऊ?" मी म्हटलं, "खाली बस गप."

गाडी हलली तवा चार वाजले होते. सोलापुरात पोचायला साडेपाच. पोरं उतरली, आपापल्या घरी गेली. मी टेंपोपाशी गेले तर आत नुसती पातेली.

त्याच्या पुढचं तुला म्हाईत हाय. शेतावर फोन गेला, रावजी वडिलांचा रखवालदार धुळाप्पा तळ्यावर बघायला गेला. एक बूट तिच्या पायात होता, बंद बांधलेला. दुसरा घसरून पाण्याकडं गेला असावा, तो घ्यायला वाकली असंल. त्या प्लास्टिकवर पाय ठरत न्हाय. पोहणाऱ्या माणसाला वर येता येत न्हाय, ती तर पोर.

दफनाच्या आधी तू पेटीपाशी उभी होतीस. तिच्या गळ्यावर हात ठेवून तू मला म्हणालीस, "आक्का, सगळा गणवेश ओला होऊन रंग उतरलाय, स्कार्फ तेवढा कसा कोरा?" मी म्हटलं, इस्त्री केली. तू माझ्याकडं बघितलंस. त्याच्यानंतर तू माझ्याशी एक शब्द बोलली न्हायस. तुला कळलं का न्हाय मला म्हाईत न्हाय. पाण्यात सापडली तवा तिच्या गळ्यात स्कार्फ नव्हता. पाहुण्या पोरीकडनं तो आणून मी तिच्या गळ्यात बांधला, पेटीत घालताना. पुरा गणवेश असावा म्हणून. तवापण माझ्या डोक्यात तेच होतं.

हितं जरा थांबले होते. चहा ठेवला, उतू गेला. परत बसले.

पुढचं लिहू का नको, सकाळपासनं घोळतेय. ते लिहिलं न्हाय तरी तुझं भागंल. अंकीनं काय मोडलं न्हाय, एवढं तुला कळलं की झालं. पण पंचकमिटी सगळ्यांना सांगते की पोर एका घटकेत गेली, कुणाच्या हातात काय नव्हतं. तुलापण तेच सांगून समजूत घातली. ते खोटं हाय आन् ते खोटं फक्त मला आन् धुळाप्पाला म्हाईत हाय.

तिसऱ्या दिवशी मी शेतावर गेले होते, तिचा मोजा काठावर राहिला होता म्हणे. धुळाप्पा गोठ्यापाशी बसला होता. कानडी माणूस, मराठी तोडकं बोलतो. म्हणाला, "आक्का, गाड्या गेल्या. मग तळ्याकडनं आवाज आला, मावशी, मावशी. मी म्हटलं पोरं जाता जाता वरडतात. मोटार चालू होती, मी जनावरांना पाणी पाजत होतो. मग आला न्हाय आवाज." लई रडत होता. मी त्याला म्हटलं, हे कुणाला बोलू नको. तो म्हणाला, "यार मुंद हेळलि, आक्का? मी कुणापुढं सांगू?"

गाड्या गेल्यावर. म्हंजे मी बावीस मोजले तवा ती जिती होती.

आता कळलं तुला.

राजेश्वरीचं पण सांगते. फेब्रुवारीत ती घरी आली, दारातच उभी राहून म्हणाली, "मावशी, मी तुमाला इचारलं होतं ना, अंकी कुटं म्हणून?" मी तिच्या डोळ्यात बघून म्हटलं, "न्हाय बाळ, तू काय इचारलं न्हायस. तुला भास झाला असंल." तेरा वर्षांची पोर. तवापासून ती गाडीत बसत न्हाय, शाळेला चालत जाती. तिची आई म्हणती, झोपेत बोटावर मोजत असती. हे मी केलं. पाणी न्हाय, तळं न्हाय, मी.

शुक्रवारी कारखाना सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आई-बापासमोर म्हटलं, "राजेश्वरी, तू इचारलं होतंस. बघून येऊ का असंपण म्हणाली होतीस. मी तुला खाली बसवलं." पोर उठली. आत गेली आन् दार लावून घेतलं. तिच्या बापानं मला जिन्यापर्यंत ढकलत आणलं, बरं केलं.

तितनं तशीच पाळकसाहेबांकडं गेले. सगळं सांगितलं, नावांच्या कागदाचंपण. ते चष्मा पुसत बसले. म्हणाले, "एस्तेरबाई, कमिटीचं पत्र गेलंय, पोलिसांनी अपघात म्हणून फाईल मिटवलीय. आता तुमी उठून वेगळं बोललात तर रावजी वडिलांवर येतं, मंडळीच्या नावावर येतं. पथक बंद पडंल. एवढ्या पोरांचं नुकसान."

मी म्हटलं, "एका पोरीचं झालं की."

"तुमी मनात माफी मागा. देव ऐकतो."

"देवानं तवाच ऐकलं असंल," मी म्हटलं. "मला तिच्या आईला सांगायचंय."

उठताना शिट्टी आन् तो इंग्रजी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चहा घेऊन जा म्हटलं. मी घेतला न्हाय.

उद्या सोमवार. कारखान्यात खाडा सांगितलाय. सकाळच्या एस्टीनं अक्कलकोटला जाते, शेत त्यांच्याच हद्दीत येतं, आन् तिकडच्या ठाण्यात जबाब परत द्यायचा म्हणून सांगते. घेतील का हाकलतील म्हाईत न्हाय. हाकललं तर परवा परत जाईन. आत टाकलं तर टाकू दे, तितं बसून मला कुणाची बटनं बघायची न्हायत. धुळाप्पाला पण निरोप दिलाय, त्यानं ऐकलं ते सांगावं. तो भितोय, गरीब माणूस हाय, त्याच्यावर राग धरू नको.

मी तुझ्याकडं माफी मागत न्हाय. मागायचं तोंड न्हाय, आन् मागितली तर तुला द्यावी लागंल, तुझा स्वभाव मला म्हाईत हाय. ते ओझं तुझ्यावर नको. तू पत्राला उत्तर देऊ नको. ठाण्यात यायचं असलं तर ये, यायचं नसलं तर येऊ नको. आलीस तर माझ्याशेजारी बसायला पाहिजे असं काय न्हाय.

एकच काम कर. हे पत्र दाजींना वाचायला दे. चिडले, ओरडले तरी शेवटपर्यंत वाचायला लाव. मग संस्कृतीला पुढ्यात बसव आन् तिला पण सांग, तिला कळंल तेवढं. तिची बहीण न ऐकणारी होती असं त्या पोरीनं जन्मभर डोक्यात ठेवायचं न्हाय. तिला खेळायला सोडा.

आन् उद्या सकाळी गुडघ्यावर बसशील तवा अंकीसाठी माफी मागू नको. तिनं काय मोडलं न्हाय, रिबू. फोड आलेल्या पायानं, सगळी हसत असताना, तिला जा म्हटलं तितं ती गेली. ऐकणारी पोर होती. ऐकलं म्हणून गेली.

अंकिताची मावशी,
एस्तेर